कोठडीत ठेवलेला दोर

ती संध्याकाळ आठवली की या वयातही माझ्या तळपायांना घाम सुटतो, आणि माझे तळपाय सहसा घामेजणारे नाहीत. यावलच्या जंगलात वाघाने माझी टोपी चाटली होती तेव्हाही ते कोरडे होते. (टोपी मी डोक्यावरून काढली नव्हती, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.) पण जळगावच्या भर बाजारात, उन्हं कलताना, दहा हजार माणसांच्या मधोमध उभा असताना मला जी भीती वाटली तिच्यापुढे वाघ म्हणजे मांजर.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी तेव्हा शहरात फौजदार होतो. कपाशीचा हंगाम उरकला होता आणि व्यापारी मंडळी खुशीत होती. त्यांनी बाजारपेठेच्या चौकात सात दिवसांचा करमणूक सप्ताह भरवला. एका कोपऱ्यात डफावर गाणाऱ्या वहीगायनाचे फड, दुसऱ्यात जादूगाराचा तंबू, मध्ये नाटकाचा मांडव, आणि कुस्त्यांसाठी तर चौकात माती आणून टाकलेली. रावेर-सावद्याकडून केळीच्या गाड्या माल उतरवून परत जायचं विसरल्या. बैलसुद्धा नाटक बघत होते असं मी म्हणत नाही, पण माना तिकडेच होत्या.

आणि या सगळ्यावर मात केली ती धुळ्याकडून आलेल्या एका कसरतीच्या फडाने. फडात दोरावर चालणारी एक बाई होती. वय बावीस-तेवीस. रोज पाच वाजता ती पुरुषभर उंचीच्या दोरावर चालायची. खाली तिचा नवरा ढोल वाजवायचा. त्यांच्या कामाची रीत अशी की दोरावर असताना बाई खाली बघत नाही, ती फक्त ढोल ऐकते. पुढे चालण्याचा ठेका वेगळा, थांबण्याचा वेगळा, आणि काही बिनसलं तर उलट पावली माघारी येण्याचा वेगळा. फडाचा मालक तिचा जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याने गावोगाव पत्रकं वाटली होती. शनिवारी ही बाई एका दुकानाच्या गच्चीवरून समोरच्या गच्चीवर, अख्खा चौक ओलांडून, मोठ्या दोरावर चालत जाणार. चाळीस फूट उंच! मी नंतर टेप लावून मोजला तेव्हा बावीस भरला, पण भीती टेपने मोजत नाहीत.

बुधवारी सकाळी मी दाढीला बसलो होतो. माझा न्हावी हा माझा सर्वांत चांगला खबरी. वस्तरा नेमका गळ्यावर आला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, हलू नका. दोरावरच्या बाईचा कोणीतरी जीव घेणार आहे."

"कोण म्हणतं?"

"हलू नका म्हटलं ना! मोठा दोर काल कापलेला सापडला. मालकाने गपचूप दुसरा आणला. आज तोही कापलाय."

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी फडावर गेलो. मालक आधी नाही म्हणाला, मग रडायला लागला. तंबूमागे दोराचं वेटोळं पडलं होतं. वरच्याच फेरीत, हात घालताच लागेल असा, अर्ध्यापर्यंत काप. आतले धागे पांढरेशुभ्र. कुणीतरी मनगटाएवढा दोर नुसत्या दोन घावांत निम्मा केला होता. लहान दोराला मात्र धक्का नव्हता.

पंच बोलावले, पंचनामा केला, दोर मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतला. मालक हात जोडून म्हणाला, "साहेब, शनिवारचा खेळ बंदच करतो."

इथे मी माझ्या नोकरीतली सर्वांत मोठी चूक केली. छाती काढून म्हणालो, "बंद? माझ्या हद्दीत? खेळ होणार. पोलीस आहेत!"

संशय सरळ जादूगारावर गेला. बाईच्या दोरामुळे त्याचा तंबू ओस पडला होता. गुरुवारी त्याला ठाण्यात आणून बसवला. काळा कोट, मेण लावलेल्या मिशा.

"दोर का कापलास?"

"साहेब, मी आजवर बत्तीस माणसं गायब केली. एकूण एक परत आणली. विचारा कुठंही."

"सुरी कुठे आहे?"

त्याने माझ्याच कानामागून एक चमचा काढून टेबलावर ठेवला. ठाणे अंमलदार हसला म्हणून मी त्यालाही झापला. जादूगाराला म्हटलं, आता बस बाकावर, सकाळपर्यंत गायब होऊन दाखव. तो बिचारा जागचा हलला नाही.

आणि शुक्रवारी सकाळी मालकाने आणलेला तिसरा दोरही कापलेला सापडला. जादूगार माझ्या बाकावर, बाहेर दोन शिपाई पहाऱ्याला, आणि तंबूत दोर निम्मा. तीच जागा, वरचीच फेरी.

आता मात्र भीती बाजारात उतरली. कोणी म्हणालं मूठ मारली आहे, कोणी म्हणालं चौकात पूर्वी कोणाला तरी फाशी दिली होती. वहीगायनवाल्यांनी डफ गुंडाळले. नाटकातला राजा सिंहासनावर बसण्याआधी ते हलवून बघू लागला. मी वरून मिशीला पीळ देत होतो, पण शनिवारची पत्रकं दिसली की नजर दुसरीकडे वळवायचो. जी बाई पडणार होती ती माझ्या शब्दावर वर चढणार होती.

मी नवा कोरा दोर स्वतः विकत आणला आणि थेट कोठडीत ठेवला. गजाआड दोर आणि बाहेर बंदूकधारी शिपाई, असा बंदोबस्त हिंदुस्थानात मीच पहिला केला असेन.

तिसऱ्या दोराचा मुद्देमाल ठेवायला हवालदाराने कपाट उघडलं आणि शेजारचा शिपाई जो ओरडला, तो भुसावळच्या फलाटावर ऐकू गेला असावा. बुधवारी पांढरा असलेला काप काळा-तांबडा झाला होता. एवढंच नाही. कापाच्या शेजारी, जिथे बुधवारी काहीच नव्हतं, तिथे चार बोटं उमटली होती. लहान हाताची, दोर घट्ट धरलेली चार बोटं.

"रक्त!" शिपाई भिंतीला टेकला. जादूगार बाकावरून उठून मारुतीचं नाव घेऊ लागला. मनात म्हटलं, याला कळतं ते खरं, आणि मीही घेऊ लागलो.

आमचा हवालदार असोद्याचा. बापजादे केळीत वाढलेले. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. त्याने दोर नाकाशी नेला, नखाने खरवडला आणि शांतपणे म्हणाला, "सायेब, रगत नाही हे. केयीचा चीक हाये."

"पण बुधवारी तर डाग नव्हता!"

"आधी पान्यासारखाच दिसतो. मंग काया पडतो. माह्या साऱ्या धोतरायवर हेच नकाशे हायेत. धोबी मेला तरी निंघत नाही. ज्यानं हा दोर कापला, त्यानं त्याच सुरीनं आधी केय कापली."

शनिवारी सकाळी मांडवाच्या कमानीला केळीचे खांब बांधणारे पाच गडी रांगेत उभे केले. पंजे म्हणजे फावडी. चार बोटांच्या जागेत त्यांची दोन मावेनात. दुपार टळली, कोठडीतला दोर पहाऱ्याखाली गच्च्यांना बांधून झाला. चौकातून ढोल तापवायला घेतल्याचा आवाज आला. माझ्या हातात काही नव्हतं.

तेवढ्यात तंबूंच्या मधून जाताना भाऊ थांबला आणि हुंगू लागला. "सायेब, केयफुलाची भाजी."

फडाच्या तंबूमागे चूल होती. तिथे केळफुलाच्या जांभळ्या पाकळ्यांचा ढीग. बागेत केळफूल कोणीही देतं, म्हणून फड रोज तेच खात होता. चुलीपाशी मालकाची आई बसली होती, दोरावरच्या बाईची सासू. साठीची, सुतळीसारखी वाळलेली. आम्हाला बघून तिने उजवा हात पदराखाली घेतला.

"अक्का, हात दाखवा."

तिने हात पुढे केला. तळवा, बोटं, सगळं काळं. मी दोराचा तुकडा तिच्यापुढे धरला. तिने त्यावर मूठ आवळली. चार बोटं चार डागांवर अशी बसली, जशी किल्ली कुलपात.

"हाई मन्हंच काम शे, साहेब."

"स्वतःच्या सुनेला मारायला निघालात?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू चूक माझीच आहे. "माराले? माराले कापतू तर तुम्हले दिसाले दिसतं का?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. वरचीच फेरी. हाताला लागेल असा काप. तिला तो सापडायलाच हवा होता.

"मग का?"

मी दरडावलं, समजावलं, कायद्याची कलमं सांगितली, दोन तर जागच्या जागी नवी तयार केली. ती ढिम्म. शेवटी एवढंच बोलली, "तोंडवर उनं का जास. दोनदा गयं. कानबाईले सांगेल शे, आते बोलानं नही."

मग तिने उशाचं गाठोडं ओढलं आणि सोडलं. आत हिरवा खण, एक नारळ, मूठभर तांदूळ. पाचव्या महिन्याला ओटी भरायचं सामान. त्याआधी तिने किंवा सुनेने शब्द काढायचा नाही, घरच्या पुरुषांपाशीसुद्धा नाही, हा तिचा कानबाई देवीला नवस; आधी दोनदा बोललं गेलं आणि दोनदा गर्भ गेला होता. ताप आलाय म्हणून सांगून झालं होतं, पण थोरल्याने, म्हणजे मालकाने, सुनेच्या कपाळाला हात लावून बघायला आपली बायको पाठवली. मग म्हातारीपाशी राहिली ती फक्त सुरी. आणि ती सुरी जिथे पोचणार नाही अशा ठिकाणी, कोठडीत, दोर कोणी ठेवला होता? मी.

चौकातून आरोळी उठली. ढोलाचा ठेका बदलला. म्हातारीने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "चढनी."

मी धावलो. ढोलापाशी पोचलो आणि वर बघितलं. बाई दोरावर होती. हातात आडवी काठी. गच्ची मागे राहिली होती, खाली फरसबंदी. दोन गच्च्यांमधला वारा तिचं लुगडं फडफडवत होता. ओरडावं तर ती दचकेल, म्हणून माझा आवाज, जो तीन गल्ल्या पलीकडे चोर पळवतो, तो मी घशातच दाबला.

ढोलवाल्याच्या कानाशी तोंड नेलं. "माघारीचा ठेका लाव."

"काबर, साहेब? आते ते सुरू व्हयनं!"

"नंतर सांगतो."

"दोर कापेल शे का?"

त्याचा एक ठोका मागे पडता पडता राहिला. ते हात चुकले असते तर ती गेली होती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आयुष्यातली सर्वांत सफाईदार थाप मारली. "दोर पक्का आहे. मंत्रीसाहेब येताहेत, त्यांच्यासमोर पहिल्यापासून करायचंय."

त्याने श्वास घेतला. आधी थांबण्याचा ठेका. वर बाई थबकली. मग माघारीचा, संथ. तिचा मागचा पाय उचलला, हवेत दोर शोधू लागला, सापडला. टेकला. एक. मग दुसरा. मी मोजत होतो. तिसऱ्याला काठी कलली आणि गर्दीतल्या एका बाईने हुंदका दिला. चौथं. पाचवं. सहाव्याला वारा आला आणि ती तशीच उभी राहिली, ढोलही तिच्यासाठी थांबून राहिला. सातवं पाऊल गच्चीच्या कठड्यावर पडलं.

मी भररस्त्यात मटकन खाली बसलो. बूट आतून ओले होते.

मग खरी पंचाईत झाली. दहा हजार लोक, खेळ अर्धवट, दगड उचलायला सुरुवात. जादूगाराला सोडून खेळ लावायला सांगितलं, आणि तो पोचेपर्यंत मी मांडवात चढलो आणि लोकांना यावलच्या वाघाची गोष्ट सांगितली. दीड तास. पहिल्यांदा वाघ एक होता. गॅसबत्त्या लागायच्या आत ते पाच झाले. दगड खाली पडले. भाऊ मला खाली उतरवताना म्हणाला, "सायेब, आजवर तुमच्या थापा आमीच ऐकत होतो. आज गावाच्या कामी आल्या."

मालकाला मी सांगितलं की मोठ्या दोराची परवानगी रद्द, माझ्या बदलीपर्यंत. कारण विचारशील तर आत टाकीन. स्टेशन डायरीत लिहिलं, दोर मुळातच कच्चा आढळला. तिन्ही काप उंदरांवर गेले. खोटी नोंद मी तेवढी एकच केली, आणि म्हातारीचा नवस मोडण्यापेक्षा मला ती परवडली. जादूगाराची मात्र मी माफी मागितली. त्याने ती खिशात घातली आणि माझी शिट्टी काढून दाखवली.

मी तीन दिवस सुरी चालवणारा गुन्हेगार शोधत होतो. ती म्हातारी तीन दिवस मला फिर्याद देत होती. तिला लिहिता येत नव्हतं आणि बोलायची बंदी होती, म्हणून तिने दोरावर लिहिली. मी ती वाचली नाही, उलट कोठडीला कुलूप लावलं. नवीन पोरांना मी सांगायचो की खबर कागदावरच येते असं नाही, आणि आपला बंदोबस्त पक्का झाला की एकदा थांबून विचारा, आपण नेमकं कोणाचा हात अडवतोय?

चार महिन्यांनी म्हातारी ठाण्याच्या दारात आली. डोक्यावर केळीचा घड. त्याचा कापलेला देठ फडक्यात घट्ट गुंडाळलेला, माझ्या वर्दीला चीक लागू नये म्हणून. घड टेबलावर ठेवून ती म्हणाली, "साहेब, आते सांगा बठ्ठास्ले." आता सगळ्यांना सांगा; म्हणजे ओटी भरून झाली होती.

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे माझी बायको सांगेल. तिलाही त्या दिवसापर्यंत मी चकार शब्द बोललो नव्हतो. त्यानंतर मात्र सांगत सुटलो, आजही सांगतो. सांगताना दोर उंच होतो, गर्दी वाढते, वाघही वाढतात.

पण बाई मागे आली ती सात पावलं. तिथे मी कधी आठ म्हटलेलं नाही.