बैलाले नाही, बॅले

"नागपूरले काय शिकून राह्यला बे?" बाबांनी विचारलं.

"बॅले."

"बैलाले? बैलाले काय शिकवतेस? तो त आपला आपण चालते!"

आमच्या बोलीत 'ला'चा 'ले' होतो, तेव्हा चूक बाबांची नव्हतीच. पण आठवडाभरात गावात झालं की मास्तर आता बैलांची शाळा काढणार. पानठेल्यावर लोक मला अडवायचे, "गुरुजी, आमचा गोऱ्हा बम अडेल आहे, पाठवू का क्लासले?" आज हसू येतं. तेव्हा मी दगड उचलायच्या बेतात असायचो.

लाखनीजवळचं आमचं गाव. धानाचं. पुरुषानं नाचण्याची आमच्याकडे अजिबात लाज नव्हती. दिवाळीनंतर गावात मंडई भरायची, म्हणजे आमची जत्राच, आणि तिच्यात दंडार व्हायची, राजाराणीचं नाचगाण्याचं नाटक. दंडारीत बाबा लुगडं नेसून बाईचं काम करायचे. असे काही मुरकायचे की खऱ्या बायका तोंडाला पदर लावून बघत राहायच्या. मीही तसाच नाचलो असतो, कोणी हूं की चूं केलं नसतं. पण शाळेत असताना माझ्या भूगोलाच्या पुस्तकाला कुठल्याशा रशियन मासिकाच्या गुळगुळीत पानाचं कव्हर होतं. त्यावर एक बाप्या हवेत होता. नुसता हवेत! खाली जमीन नाही, वर दोरी नाही, चेहऱ्यावर कसला त्रास नाही. त्या वर्षी मी भूगोल कमी आणि तो बाप्याच जास्त पाहिला. रोवणीच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावरून पळत यायचं आणि खालच्या बांधीतल्या चिखलात झेप घ्यायची, हा माझा पहिला क्लास. रोपं तुडवली म्हणून आई काठी घेऊन मागे लागायची.

पुढे मास्तरकीच्या ट्रेनिंगला नागपूरला गेलो, तिथे बॅले शिकवणाऱ्या एक बाई भेटल्या. बंगाली होत्या, तरुणपणी नाचाच्या मंडळीबरोबर देशभर फिरलेल्या. त्यांनी मला उडी मारायला लावली आणि कपाळाला हात लावला. "चढता बढ़िया है, उतरता है बोरे जैसा!" गावच्या शाळेत नोकरी लागली तरी रविवारी हायवेवर ट्रकला हात दाखवून मी त्यांच्याकडे जायचोच. गुडघे सोलले, चवडे सुजले, पण उतरायला शिकलो. आणि डोक्यात हवा गेली. किती उंच गेलो, एवढंच माझं बॅले. संध्याकाळी शाळेच्या पडवीत पोट्टे जमवून शिकवायचो तेव्हाही तेच. "वर जा ना बे! जमिनीत काय पुरून ठेवलं आहेस?" असा खेकसायचो. पोट्टे खूश. उड्या मारायला मिळतात म्हटल्यावर कोण मागे राहतो?

मग हौस आली जोडीच्या नाचाची. त्यात बाप्या बाईला उचलून डोक्यावर धरतो, फिरवतो, आणि तिला जणू वजनच नाही असं दिसतं. हे मला मंडईत करायचंच होतं. पण बाई आणायची कुठून? कोणाच्या पोरीला विचारलं असतं तर तिच्या बापानं माझी तंगडी मोडून हातात दिली असती. बाबा म्हणाले, "मी नेसतो न लुगडं." बाबांना उचलायचं! मी डोकं धरून बसलो.

दाराशी तांदूळ निवडत बसलेली माझी बायको म्हणाली, "मी येतो न जी. मले सारं पाठ आहे."

होतंच पाठ. अंगणात माझा सराव चालायचा तेव्हा ती सूप हातात घेऊन बघत असायची. पण बाबांचा चेहरा पडला. "आपल्या मंडईत खरी बाई आजवर उभी नाई राह्यली. लोकं हसले त मास्तराचं काई नाई जात. नाव तिचं निघन. विहिरीवर पाण्याले जाणं मुश्कील होईन तिचं."

बाबा काही खोटं बोलत नव्हते. हौस माझी आणि निंदा तिच्या वाट्याला, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पहिल्यांदा मला बॅलेची भीती वाटली. मी म्हणालो, राहू दे. तर ती माझ्यावरच भडकली.

"विहिरीवर मी जातो, का तुमी जाता? माह्यं मी पाहून घेईन!"

झाला सराव सुरू. धानाचे भारे वाहिलेली बाई ती, अंगानं भक्कम. उचलताना माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि ती वरून मलाच शिकवायची, "हसा न जी, रडून काहून राह्यले?"

मंडईच्या दुपारी तखत जोडून स्टेज केलं होतं. माणूस माणसाला चिकटून उभा. ना गाणं, ना संवाद, नुसती ढोलकी. ती कासोटा घालून चवड्यांवर आली आणि मागच्यांनी टाचा उंचावल्या. कोणीतरी म्हणालं, "अबे, गुरुजीची बायको!" मी धावत आलो, तिच्या कमरेला हात घातला, आणि दोन तखतांच्या फटीत माझा पाय गेला. घोट्यातून अशी कळ आली की मी खालीच बसलो. मागून हसू फुटलं. बाबा ज्याला घाबरत होते तेच ते हसू. ढोलकी थांबली. आता हिचं काय होणार, एवढंच माझ्या मनात आलं.

"हालू नोका," ती पुटपुटली. तिनं माझ्या काखेत हात घातला, भारा उचलावा तसं मला खांद्यावर घेतलं, आणि पाठ ताठ, मान उंच ठेवून सावकाश गिरकी घेतली. काय गिरकी होती बाप्पा! ढोलकीवाल्यानं भानावर येऊन दणका दिला. पुढे बसलेल्या बायका उठून टाळ्या वाजवायला लागल्या, मग शिट्ट्या, मग टोप्या उडाल्या. खांद्यावरून मला अख्खी मंडई दिसत होती, भज्यांच्या कढया, पाळणा, सगळी. इतका उंच मी जन्मात गेलो नव्हतो. पाय ठणकत होता आणि मी वेड्यासारखा हसत होतो.

स्टेजमागे बाबा आले. माझ्या सुजलेल्या पायाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थेट तिच्यापुढे उभे राहिले.

"सूनबाई, आमच्या दंडारीत येशील का? बाईचं काम आता तूच कर."

ती पदरानं घाम पुसत होती.

"बाईचं तुमीच करा मामाजी, तुमाले शोभते. मी राजाचं करतो."