एकसारखे आकडे

आमच्या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक फाटकाच्या खांबावर आता काळ्या ग्रॅनाइटची गुळगुळीत फरशी बसवलेली आहे. तिच्यावर स्टीलचे उंच, सडपातळ आकडे आहेत आणि अंधारून आलं की त्यांच्या मागून मंद पिवळा उजेड आपोआप पसरतो. नवखा माणूस गल्लीच्या तोंडाशी थबकतो आणि 'वा' म्हणतो. हे काम मी पुढाकार घेऊन करवून घेतलं. त्या 'वा'चा मला काही दिवस अभिमान होता, हे लिहिताना आज संकोच वाटतो.

हर्सूलच्या अलीकडची ही जुनी वसाहत. एकाच नकाशावर बांधलेली, एकमेकांना चिकटलेली बैठी घरं. वडील नोकरीनिमित्त कन्नडहून इथं आले तेव्हा घरांचे नंबर फक्त कागदावर होते. ज्यानं त्यानं ते आपल्या ऐपतीप्रमाणे आणि आवडीप्रमाणे खांबावर आणले. वळणावरच्या घरानं संगमरवराचा तुकडा लावला. पुढच्यानं पत्र्यावर रंगवून घेतला. आमच्या अलीकडे, मधलं एक घर सोडून, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका राहतात. सगळी वसाहत त्यांना सिस्टर म्हणते. त्यांच्या निळ्या टाइलवर आकड्याशेजारी उठावाचं धम्मचक्र होतं. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ओल्या गिलाव्यावर सिमेंटच्या वळ्या बोटांनी दाबून ४७ उमटवला होता. त्यातल्या चारचा फुगा जरा मोठा होता, सातची शेपूट खांबाच्या कडेपर्यंत गेली होती. दर दिवाळीला अण्णा त्यावर तांबड्या रंगाचा हात फिरवत.

मी वाळूजच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीचं काम करतो. एक नग दुसऱ्यासारखा नसेल तर तो बाजूला काढणं, यात माझी उमर गेली. वसाहतीच्या समितीचा सचिव झालो तेव्हा ही नजर मी घरी घेऊन आलो, असं आता वाटतं. सामान पोचवणाऱ्यांना घरं सापडत नाहीत, ही तक्रार खरी होती. पण त्या तक्रारीच्या आडून मला हवी होती ती शिस्त. मी मोबाइलवरच्या ग्रुपवर नमुन्यांचे फोटो टाकले, दारोदार जाऊन लोकांना पटवलं.

सिस्टर तेवढ्या अडल्या. "माझ्या चक्रानं कुणाचं काय बिघडवलं हो, सेक्रेटरी साहेब?"

"बिघडवलं काहीच नाही, सिस्टर. पण सगळं एकसारखं दिसलं पाहिजे."

"मग तोंडंपण एकसारखी करून घ्या सगळ्यांची. माझं जरा चांगलं करा म्हणावं!"

हसल्या, आणि माझ्या शब्दाखातर त्यांनी टाइल उतरवू दिली.

अण्णांनी एवढंच विचारलं, "खालचं तसंच ठेवून वरून नाही का लावता येणार?"

"फरशी सपाट बसणार नाही, अण्णा."

गवंड्यानं छिन्नी लावली तेव्हा ते आत जाऊन बसले. जुन्या माणसांना बदल नको असतो, असं मी पत्नीला म्हटल्याचं मला आठवतं. त्यांना दुसरं काही सांगायचं असेल, हा विचार मला शिवला नाही.

अण्णा रोज संध्याकाळी तलावाच्या बाजूला फिरायला जात. तिथं बरोबरीच्या माणसांचा बाक ठरलेला होता. दिवेलागणीला परत येत. आई गेल्यापासून त्यांचा खरा दिवस तेवढाच होता. नवे आकडे लागल्यानंतर थोड्याच दिवसांनी सिस्टरांची हाक आली.

"अहो साहेब, अण्णा आमच्या फाटकाशी उभे आहेत! आत या म्हणलं तर येईनात, जा म्हणलं तर जाईनात. आमच्याकडंच ठेवून घेऊ का?"

मी गेलो. अण्णा तळहात ग्रॅनाइटवर ठेवून उभे होते. मला हसू आलं, मग लाज वाटली, आणि लाजेचा राग झाला. "अण्णा, एवढा मोठा नंबर, त्याला लाइट! आणखी काय करायचं आम्ही?"

दुसऱ्या दिवशी फिरायला निघायच्या वेळी अण्णा म्हणाले, पाय दुखतात. तिसऱ्या दिवशीही तेच. बाकावरचा एक सोबती घरी येऊन विचारपूस करून गेला, त्यालाही त्यांनी पायच सांगितले. गुडघे दाखवून आणले. गुडघ्यांत वयाच्या मानानं काही नव्हतं. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "आधी डोळे दाखवा." काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलं.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "अण्णा, कळत होतं तर सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू एकटं सोडलं असतंस का?"

मग ते आपणहून बोलू लागले. "अरे, मला दिसायची गरजच नव्हती. वळलं की पहिला संगमरवर, गार लागायचा. मग पत्रा, त्याचा कोपरा उचकटलेला. असं करत करत सिस्टरचं चक्र. चक्रानंतर एक घर सोडलं की आपलं. आता सगळंच गुळगुळीत. आणि त्या लाइटचा तर डोळ्यापुढं नुसता धूर होतो."

पुढच्याच रविवारी मी आमच्या खांबावरची फरशी काढून घेतली आणि ओल्या सिमेंटचा ४७ स्वतः केला. वाळल्यावर अण्णांना हाताला धरून बाहेर आणलं. त्यांनी बोटं फिरवली. "बरा झालाय. कोपरे लई सरळ आलेत तुझे." मग हात तसाच ठेवून म्हणाले, "पण इथवर येताना मधली घरं कुठून आणायची?"

मी पुन्हा दारोदार गेलो. संगमरवर कुणाच्या तरी पायरीखाली गेला होता, पत्रा भंगारात. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकजण हसत म्हणाला, "साहेब, तुम्हीच लावलं, आता तुम्हीच काढा म्हणता!" त्याचं चुकलं नव्हतं. फक्त सिस्टरांनी माळ्यावरून जुन्या साडीत गुंडाळलेली टाइल खाली आणली. "फेकायला हात धजला नाही," म्हणाल्या, आणि गवंड्याला बोलावून ती पुन्हा बसवून घेतली.

आता कारखान्यातून आल्यावर मी अण्णांना तलावाकडे घेऊन जातो. पण बाकावरची मंडळी माझ्यासमोर मोकळी होत नाहीत, अण्णाही लवकर उठतात. परतताना गल्लीत वळल्यापासून त्यांचा हात माझ्या दंडावर असतो. उजळलेल्या आकड्यांसमोरून आम्ही चालत जातो. सिस्टरांचं फाटक आलं की ते हात पुढे करतात, चक्र चाचपतात आणि माझा दंड सोडतात. तिथून आमच्या खांबापर्यंत ते एकटे जातात. मधे एकच घर आहे. मी मागं थांबतो.