काडी मोडायला वाल्परायसोला

दक्षिण अमेरिकेतल्या वाल्परायसो बंदराची रंगीत चित्रं हल्ली कॅलेंडरवर छापून येतात. बघणारे म्हणतात, काय सुंदर शहर! असेल. मी तिथं एक दिवस काढलाय, आणि नाव ऐकलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचं घर डोंगरकड्याजवळचं, मेंढरं राखणारं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत थोरला भाऊ मुंबईला पळाला, बोटीवर खलाशी झाला आणि परत आलाच नाही. वहिनी आमच्याकडंच राहिली, लोकर कातत, लोकांची बोलणी खात. मग एका खलाशानं खबर आणली की तो वाल्परायसोत दुसरी बायको करून बसलाय. गावातला एक विधुर वहिनीशी पाट लावायला तयार होता. माणूस चांगला होता. पण आमच्यात नवऱ्यानं काडी मोडल्याशिवाय बायको मोकळी होत नाही. पंच म्हणाले, "त्याच्या हातानं मोडून आना. तुकडे आमच्याम्होरं ठिवा." मी कडब्याची एक काडी फडक्यात गुंडाळली, मुंबई गाठली आणि बोटीवर कोळसा ओढायला लागलो. दोन बोटी बदलल्या, तेव्हा कुठं तिकडं जाणारी मिळाली.

बोट सकाळी लागली, संध्याकाळी निघणार होती. समुद्रालाच चिकटून टेकड्या उभ्या, आणि त्यांच्यावर पत्र्याची घरं, पिवळी, निळी, तांबडी, जशी काही जत्रा भरलीय. दोरानं ओढलेले लाकडी डबे रुळांवरून माणसं वर नेत होते. मी पायऱ्यांनीच चढलो. खलाशानं सांगितलं होतं, देवळामागचं हिरवं घर. टेकडी तितकी देवळं, आणि हिरव्या घरांना तर तोटाच नाही. बोलणं कुणाला कळेना. मी आपलं स्वतःच्या काळ्या तोंडाकडं बोट दाखवत, असाच एक कुठं राहतो असं खुणावत दारोदार फिरलो. अखेर एक म्हातारी हसली आणि हाताला धरून घेऊन गेली.

भावानं मिठी मारली. त्याच्या बायकोनं मासळी वाढली. एक घास घेतला आणि सरळ म्हणालो, "घरी चल, न्हाईतर ही काडी मोड."

त्यानं काडी घेतली, नाकाशी धरली. त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं काम.

"माझी बायको मी जित्ता असताना दुसऱ्याच्या घरात नांदंल? न्हाई जमायचं."

"मग ही कोन?"

"हे हितलं. ते तिथलं."

त्याची बायको काही न कळून माझ्याकडं बघत हसत होती. त्यानं काडी अख्खीच भिंतीच्या फटीत खोवली. "ऱ्हाऊ दे, गावाची आठवन."

मी त्याची गचांडी धरली. कोपऱ्यात खेळणारी त्याची इथली लहानगी लेक घाबरून रडायला लागली. खाली बोटीचा भोंगा वाजला, तसा मी हात सोडला. पायऱ्यांपर्यंत पोचवायला आला आणि निर्लज्ज म्हणतो कसा, "मायला सांग, खुशाल हाय म्हनावं."

गावी परतलो, तर पंचांनी नकाराची मान हलवली. विधुरानं त्याच उन्हाळ्यात दुसरीकडं पाट लावला. मी चावडीवर सगळं खरं खरं सांगितलं होतं, नवरा जिवंत आहे, मजेत आहे, सोडत नाही. वहिनी चूल फुंकत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "खरं काहून सांगितलं भावजी? मेला म्हनला असता, तर चार दिस रडून मी मोकळी झाले असते."