गिअरचं ऑइल

पट्टीमास्तरांचं खरं नाव त्यांच्या बायकोलासुद्धा फक्त फॉर्म भरताना आठवायचं. बाकी सगळ्यांसाठी ते पट्टीमास्तरच. ऑटोमॅटिक गाडी आली की बॉनेट उघडायचं, गिअरबॉक्समधली पातळी मोजायची लांब पट्टी ओढायची, पांढऱ्या कागदावर पुसायची, कागद उजेडात धरायचा, मग नाकाशी न्यायचा, आणि मालकाने तोंड उघडायच्या आत गाडीची सगळी दुखणी सांगून मोकळं व्हायचं. तीस वर्षं हा माणूस हेच करत आला होता आणि तीस वर्षांत नाकाने त्यांना कधी दगा दिला नव्हता. हे ते स्वतःच सांगायचे, आणि न विचारता सांगायचे.

स्वभाव मात्र तिखट. एखादा बिचारा येऊन म्हणाला, "मास्तर, गिअरचं ऑइल बदलायचंय," की संपलंच!

"ऑइल? तेल डोक्याला लावतात, साहेब! याला फ्लुइड म्हणायचं. म्हणा बघू."

मोठमोठी माणसं मुकाट्याने "फ्लुइड" म्हणायची. मग मास्तर जरा नरम यायचे आणि समजावून सांगायचे. हाताने गिअर टाकायच्या गाडीत बहुतेक वेळा घट्ट, उग्र वासाचं तेल असतं, ते दातांना वंगण देतं, बस्स. ऑटोमॅटिकचं तसं नाही. तिथे आतलं पातळ फ्लुइडच जोर पोचवतं, त्याच्याच दाबावर गिअर पडतात, तेच आतल्या चकत्या थंड ठेवतं. त्यातही प्रत्येक गिअरबॉक्सची मागणी वेगळी. गाडीच्या पुस्तकात जो नंबर छापलाय तोच डब्यावर हवा. "लाल आहे ना, मग चालेल" असं कुणी म्हणालं की मास्तर हात जोडायचे. "अहो, लाल तर खोकल्याचं औषधही असतं. ओतू का?"

आता हा माणूस ऑटोमॅटिकच्याच मागे का लागला, तर त्यांच्या ताईमुळे. ताई त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी. लहानपणी तापात तिचा डावा पाय लुळा पडला. क्लच दाबायला डावाच पाय लागतो, त्यामुळे गाडी चालवायचं तिने मनातून काढून टाकलं होतं. धाकट्याने नाही टाकलं. गॅरेजमध्ये नुकते हात काळे करायला लागले होते तेव्हा त्यांनी कुठूनतरी एक मोडकी ऑटोमॅटिक पैदा केली, तिचा गिअरबॉक्स चार वेळा खोलला, चार वेळा चुकला, पाचव्यांदा जमवला आणि किल्ली ताईच्या हातावर ठेवली. गाड्या पुढे बदलल्या, पण ताई थांबली नाही. ऐकू येण्याची यंत्रं बसवायचं आणि दुरुस्त करायचं तिचं काम. वृद्धाश्रमांतून फिरायची, म्हाताऱ्यांच्या कानात यंत्र बसवायची आणि त्यांच्याशी गप्पा मारून घसा बसवून घरी यायची. एकटी, स्वतःच्या गाडीने. त्याच गोष्टीचा मास्तरांना सगळ्यात जास्त अभिमान होता.

आणि एका सोमवारी सकाळी ही ताई गॅरेजात आली, मास्तरांची बायको हिशेब लिहीत बसली होती त्या टेबलाला काठी टेकवली आणि म्हणाली, "छोट्या, गाडी विकून टाकायची म्हणते. गुरुवारी गिऱ्हाईक येतंय."

अठ्ठावन्न वर्षांचा छोट्या उडालाच. "का गं?"

"कंटाळा आला. वय झालं आता."

"वय? तुझं? गेल्या महिन्यात तर तुझ्या वहिनीला सांगत होतीस की अजून दोन आश्रम घेतेय म्हणून!"

"नाही घेत आता. जमेल तेवढं घरी बसून करीन."

मास्तरांना काही ते पटेना. ताई थापा मारायला लागली की चष्मा पुसते, आणि ती केव्हाची चष्मा पुसत होती. त्यांनी गुपचूप तिची किल्ली उचलली आणि गाडी काढली. कोपऱ्यापर्यंतही जावं लागलं नाही. लिव्हर पुढच्या गिअरवर टाकला तरी गाडी क्षणभर जागची हलेना, मग एकदम धक्का देऊन सुटली. वेग वाढवला तर इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. मास्तर तसेच मागे आले, पट्टी ओढली, कागदावर पुसली आणि नाकाशी नेली.

वास नाकातून थेट मस्तकात गेला.

"अरे देवा!" ते एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या वेल्डरने मशीन बंद केलं. "यात जाडं तेल घातलंय! हातगिअरचं! कुठल्या गाढवाने घातलं हे? ताई, कुणी केलं? त्याला शहाणपण शिकवतो!"

"होतं असं. वाटेत कुणीतरी घातलं."

"कुणीतरी म्हणजे कोण? माझ्या बहिणीच्या गाडीत! डोळे फुटले होते का त्याचे? ऑटोमॅटिक आहे हे दिसत नाही? तू काय मागितलंस त्याच्याकडे?"

"जाऊ दे ना रे. दुसरीकडे दाखवली मी. गिअरबॉक्स गेला म्हणाले."

"दुसरीकडे?" मास्तरांचा आवाजच खाली आला. "तू गाडी दुसरीकडे दाखवलीस?"

ताईने पुन्हा चष्मा काढला. मास्तरांच्या बायकोने, जी इतका वेळ टेबलाशी बसून ऐकत होती, मानच खाली घातली. मास्तरांनी दोघींकडे पाहिलं. काहीतरी होतं जे या दोघींना माहीत होतं आणि त्यांना नव्हतं.

"सांगतेस का आता?"

"तीन आठवड्यांपूर्वी मी फोन केला होता," ताई हळूच म्हणाली. "आश्रमातून परत येताना. खालून लाल गळतंय, पट्टीवर काही लागत नाही, काय करू, असं विचारलं. तू कुठल्याशा टेम्पोखाली होतास. वहिनीने फोन तुझ्या कानाला लावला. तू म्हणालास, लिटरभर गिअरचं ऑइल घालून घे आणि हळूहळू ये."

"मी? फ्लुइड म्हणालो असेन."

"गिअरचं ऑइल म्हणालास. ऐकणं हा माझा धंदा आहे, छोट्या."

मास्तरांना तो टेम्पो आठवला. हातगिअरचा. ते त्याचंच जाडं तेल काढत होते, बोटांना तेच होतं, नाकात तेच होतं आणि तोंडातूनही तेच बाहेर पडलं. ताईने दुकानात जाऊन शब्द जसाच्या तसा सांगितला. दुकानदाराने मागितलं ते दिलं. गाढव शोधायला कुठे लांब जायची गरजच नव्हती.

"मग तेव्हाच का नाही आलीस माझ्याकडे?"

"गाडी वाटेतच अडायला लागली, म्हणून जवळच्या गॅरेजात नेली. त्याने विचारलं ना, कोणी सांगितलं हे घालायला. कुणीतरी म्हणून वेळ मारून नेली मी. अख्ख्या गावाला तू शब्द शिकवतोस. लोक काय म्हणाले असते? तुझं नाव जाण्यापेक्षा गाडी गेलेली बरी."

"आणि तू घरात बसणार होतीस! माझ्या नावासाठी!" मास्तर संतापाने ओरडले, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. "तीस वर्षं मी हे कोणासाठी शिकलो गं?"

मग ते वळले. गॅरेजात वेल्डर होता, दोन मेकॅनिक होते, बाकावर तीन गिऱ्हाइकं बसली होती. मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही गाडी मी बिघडवली. फोनवर चुकीचा शब्द बोललो. आणि दुरुस्तही मीच करणार."

वेल्डर हसला. गिऱ्हाइकांपैकी एकजण तर खो खो हसला. मास्तरांनी हसू दिलं.

त्यांनी गिअरबॉक्सखालचा पॅन उतरवला, तळाचा गाळ बोटांवर चोळून पाहिला, लोहचुंबक फिरवलं. बारीक काळी भुकटी होती, पण धातूचे तुकडे नव्हते. "गेला कुठे? नुसता रुसलाय," ते म्हणाले, आणि आवाजात पुन्हा तो जुना ताठा आला. गळणारं सील बदललं, फिल्टर बदलला, पुस्तकातला नंबर डब्याशी ताडून योग्य फ्लुइड भरलं. एकदा काढून भागत नाही, कारण निम्म्याहून जास्त आतच राहतं. भरायचं, गाडी फिरवायची, काढायचं, पुन्हा भरायचं. मंगळवार, बुधवार हेच चाललं. तिसऱ्या खेपेला कागदावरचा डाग स्वच्छ लाल उमटला आणि त्या उग्र वासाचा मागमूसही राहिला नाही.

गुरुवारी सकाळी ताई स्टिअरिंगशी बसली आणि मास्तर शेजारी. पुलाच्या चढावर मास्तरांनी दाराची मूठ घट्ट धरली, धक्का बसलाच तर आपल्याला आधी कळावा म्हणून. ताई कुठल्याशा आजोबांची गोष्ट सांगत होती: यंत्र कानात घातलं, पहिल्यांदा बायकोचं बोलणं ऐकू आलं आणि त्यांनी यंत्र लगेच काढून ठेवलं.

"गिअर पडला?" तिने मध्येच विचारलं.

"दोन पडले. तू बोलत होतीस तेव्हा."

गॅरेजच्या दाराशी तिने गाडी उभी केली. मास्तर काही उतरेनात.

"ताई, पुन्हा माझं चुकलं तर?"

"तोंडावर सांगेन."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. गाडी घ्यायला येणाऱ्या त्या गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांग. आणि उतर आता, मला उशीर होतोय."