एका बादलीत दोन बेटं

डोरकास बुलेच्या नाकामालात, म्हणजे कावा प्यायच्या अड्ड्यावर, येणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटतं की ही बाई उद्धट आहे. उरलेल्या निम्म्यांची तशी खात्रीच आहे. करवंटी भरून हातात देते आणि पत्र्याच्या भिंतीमागे जाऊन बसते. गिऱ्हाइकाशी दोन शब्द गोड बोलणं नाही, हसणं नाही. आत बसून करते काय, असं लोक मला, शेजारच्या शाळामास्तरणीला, विचारतात. ती ऐकते.

पेन्टेकॉस्ट बेटावर तिच्या वडिलांचा कावाचा मळा होता. कावा म्हणजे मुळं ठेचून पाण्यात पिळलेलं गुंगीचं पेय. मुळं खणायच्या, पाठीवरून वाहून आणायच्या त्या बायका, आणि नाकामालात बसून प्यायचे ते पुरुष. मग ही पोरगी बाहेर कुडाला पाठ लावून बसायची आणि आतल्या आवाजावरून सांगायची, आज कुणाच्या मळ्यातलं मूळ ठेचलंय. आत गुणगुण चालली, मधूनच कुणी हलकेच हसलं, की ते वरच्या उतारावरचं. बोलणं तुटत तुटत थांबलं आणि नुसतं थुंकणं ऐकू यायला लागलं, की ओढ्याकाठचं. बापानं चार-दोनदा पारखून पाहिलं आणि मग हे कुणाला सांगायचं नाही म्हणून दम दिला. पण बापाला काय ठाऊक, पुढं राजधानीत, पोर्ट व्हिलात येऊन ही स्वतःच्या दारात नाकामालाचा दिवा लावणार आहे.

आणि कावा कानानंच जोखावा लागतो, हे मी पिणारी म्हणून सांगते. दुसऱ्या करवंटीला जीभ बधिर होते. त्यानंतर कुणी गटाराचं पाणी पाजलं तरी ते चांगलंच लागतं.

आता विराचं सांगते. विरा हा तिचा एकुलता एक मुलगा. फुटबॉलच्या मैदानावर त्यानं इथल्या तान्ना बेटकऱ्यांच्या वस्तीतल्या म्होरक्याच्या, इओलूच्या, पुतण्याचे पुढचे दात पाडले. कारण विचारू नका, कारण दोघांनाही आठवत नाही. त्या रात्री तान्नाच्या पोरांनी विरा चालवायचा त्या बसच्या काचा फोडल्या, आणि दुसऱ्या दिवशी डोरकासनं मुलाला जहाजात बसवून सान्तो बेटावर मामाकडे धाडलं. समेट झाल्याशिवाय तो परतू शकत नव्हता. वर्ष उलटून गेलं. नवरा आधीच गेलेला. संध्याकाळी ती विराचं ताट काढायची आणि परत ठेवायची. मी पाहिलंय, आमच्या घरांमध्ये कुंपण आहे पण ते कोंबड्यांपुरतं.

समेटाची पहिली बैठक मात्र अशी फिसकटली की आजही आठवलं तरी कपाळाला हात जातो. रीत अशी की दोन्ही बाजूंनी आपापल्या बेटाचा कावा आणायचा आणि एकमेकांचा प्यायचा. आपलाच प्यायला तर समोरच्यावर विश्वास नाही असा अर्थ होतो. झालं. पेन्टेकॉस्टचा कावा हलका, डोक्यात चढणारा, जीभ सैल करणारा. तान्नाचा थेट पायांत उतरतो. आमच्या बाजूनं बोलणार होते डोरकासचे थोरले दीर मोलीबुले. त्यांनी तान्नाच्या दोन करवंट्या घेतल्या, वडाच्या बुंध्याला टेकून माफी मागायला सुरुवात केली आणि मधल्याच वाक्यात घोरायला लागले. तिकडे इओलूच्या मंडळींना आमचा हलका कावा चढलेला, त्यामुळे त्यांना आजोबांच्या काळापासूनची सगळी भांडणं स्वच्छ आठवत होती.

इओलू उठला. म्हणाला, "माफी मागता मागता झोपलात? आमच्या पोराचे दात इतके कंटाळवाणे आहेत होय?"

भरपाई म्हणून आणलेली डुकरं, चटया, सगळं परत घरी.

त्या संध्याकाळी डोरकास मला एवढंच म्हणाली. "भाऊजींचा दोष नाही, टीचर. दोष दोन बादल्यांचा आहे."

मग तिनं जे आरंभलं ते व्हिलात कुणी पाहिलेलं नव्हतं. दोन्ही बेटांची मुळं बाजारातून आणायची, एका यंत्रातून काढायची, एकाच फडक्यातून पिळायची. प्रमाण रोज बदलायचं. आणि आम्ही तिचे उंदीर. मला तर संध्याकाळ कधी होते असं झालं होतं. आज काय निघणार, कोण काय करणार.

एके दिवशी हलकं जास्त पडलं. चर्चमधले आमचे अबेल काका भजनाच्या मुख्य बाईंना अतिशय प्रेमानं म्हणाले, "तुमचा सूर कधीच लागत नाही." बाईही हसल्या. सकाळी शुद्धीवर आल्यापासून बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी जड जास्त पडलं, तर तीन बसवाले आंब्याखाली बसून आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहत राहिले, आणि प्रवासी शोधत आले. एकदा तिनं तान्नाच्या जाड खोडाऐवजी बारीक मुळं घातली, त्या दिवसाबद्दल मी बोलणार नाही.

दर थोड्या वेळानं भिंतीमागून आवाज यायचा. "टीचर, गुडघे कसे आहेत?"

"आहेत का ते बघून सांगते."

"चेष्टा नको. डोकं?"

"डोकं ठीक आहे. इतकं प्यायल्याची लाज वाटतेय, एवढंच."

आणि एक दिवस ते जमलं. कुंपणावरून वर्षभर अबोला धरलेले दोघं शेजारी माझ्या पलीकडेच होते. पहिल्या करवंटीनंतर एकानं दुसऱ्याला विचारलं, तुझ्या पपईला यंदा कीड लागली का रे. दुसऱ्यानं सांगितलं. मग पहिल्यानं सांगितलं. बोलले, पुरते बोलले, आणि सगळं बोलून झाल्यावर दोघंही हळूहळू बाकावर सैलावले, जसं काही कुणी आतून खुंट्या काढल्या. डोरकास भिंतीमागून बाहेर आली होती. हात ओले, डोळे चमकत होते. तिला असं मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"ऐकलंत? आमचं आधी चढतं, त्यांचं मागून येतं. आधी जीभ, मग गुडघे. दोन वाटे आमचे, एक वाटा त्यांचा. मधे एक यामचा कंद भाजून होईल इतका वेळ मिळतो. तेवढ्यात भाऊजींनी बोलायचं आणि तेवढ्यात त्या म्हाताऱ्या इओलूनं ऐकायचं."

दुसरी बैठक ठरली. दुपार कलली तेव्हा वडाखाली आमच्या लाल चटया पसरल्या, डुकरं बांधली. इओलू खांद्यावर मुळं घेऊन आला आणि डोरकासला बादलीपाशी पाहून थबकला.

"बाईच्या हातचा कावा आम्ही पीत नाही. आमच्याकडे बाईनं तो पाहायचासुद्धा नसतो."

"बरोबर आहे, काका," डोरकास म्हणाली. "मग दर शुक्रवारी टोपी डोळ्यांवर ओढून माझ्याकडे दोन करवंट्या पिऊन जातो तो कोण असतो?"

आधी त्याचीच माणसं हसली. इओलू लालबुंद.

"तो कावा," तो शेवटी म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणून. हा समेटाचा."

"म्हणून मी हात लावणारच नाही. तुम्ही तुमचं पिळा, भाऊजी आमचं पिळतील. बादली एकच. किती घालायचं एवढं मी सांगेन."

"दोन बेटं एका बादलीत? मग तो कावा कुणाचा म्हणायचा?"

"ज्याला भांडण मिटवायचंय त्याचा."

इओलूनं बादलीकडे पाहिलं आणि बाह्या वर केल्या. दोन म्हातारे गुडघ्यावर बसून एकाच पाण्यात फडकी पिळायला लागले. डोरकासनं सांगितलं तसं सगळं पडलं, आणि ती करवंट्या आणायला वळली. तेवढ्यात इओलूनं आपली एक मूठ आणखी फडक्यात घातली आणि पिळली. 'आमच्या बेटाचा वाटा एकच का' हा त्याचा ताठा. मी पाहिलं. डोरकासकडे पाहिलं, तर तिनंही पाहिलं होतं. बोलून दाखवलं तर चारचौघांत म्हाताऱ्याला लबाड म्हटल्यासारखं, बैठक तिथंच संपली. न बोललं तर गुडघे लवकर जाणार.

ती मोलीबुलेंच्या कानाशी वाकली. "भाऊजी, आज आजोबा नकोत."

"कुणाचे आजोबा?"

"कुणाचेच. पणजोबा नकोत, होडी नको, पहिला याम कुणी लावला ते नको. माझा पोरगा घरी यायचाय. मुद्द्याचं बोला."

सगळ्यांनी करवंट्या एका दमात रिकाम्या केल्या, थुंकले, बसले. डोरकास बाजूला झाडाशी डोळे मिटून उभी राहिली. मोलीबुले उठले. "आमचे पूर्वज जेव्हा समुद्रावरून..."

डोरकास खोकली.

मोलीबुले थांबले. "आमच्या पोरानं तुमच्या पोराला मारलं. वाईट केलं. ही डुकरं, या चटया. आम्हाला माफ करा." आणि बसले. त्यांच्या उभ्या आयुष्यातलं हे सगळ्यात छोटं भाषण असावं. त्यांची बायको घाबरून त्यांच्याकडे पाहायला लागली.

लांबलचक भाषणाची तयारी करून आलेला इओलू गडबडला. त्यानं बसल्या जागेवरून सुरुवात केली. दात, मग दातांचा डॉक्टर, मग पहिल्या बैठकीतलं घोरणं. आवाज आधी चढा होता, मग सपाट झाला, मग शब्दांमध्ये फटी पडायला लागल्या. डोरकासनं डोळे उघडले. तो पुरता थांबला. कुणीतरी थुंकलं. मी मनात म्हटलं, संपलं, आता हाही घोरणार.

"मोलीबुले," इओलू म्हणाला. "झालं तुझं बोलून?"

"झालं."

"जागा आहेस ना?"

"आहे."

"मग इकडे ये. मला उठवत नाहीय."

हात द्यायचा तो उभं राहूनच, बसून दिलेला हात समेटात धरत नाहीत. मोलीबुले निम्मे चालत, निम्मे रांगत त्याच्यापर्यंत गेले. दोघांनी एकमेकांची कोपरं धरली. एक वर आला की दुसरा खाली जाई. दात पडलेला पुतण्या धावला, तर इओलू खेकसला, "लांब राहा, हे आमचं काम आहे." आणि एकदाचे दोघंही उभे राहिले, डुलत, छातीला छाती लावून. कोण कुणाला धरून आहे ते कळेना.

"बोलवा त्या पोराला," इओलू म्हणाला.

मग दोघं सावकाश चटईवर बसले. मी वयाचं भान सोडून डोरकासचा हात इतका दाबला की तिनं सोडवून घेतला. ती म्हाताऱ्यांसाठी भाजलेला याम घेऊन गेली.

"जड होता कावा," इओलू पुटपुटला.

"एक मूठ जास्त पडली असेल, काका."

"कुणाची?"

"सूर्य मावळत होता. दिसलं नाही."

सान्तोचं जहाज आलं त्या सकाळी मी धक्क्यावर गेले होते. डोरकास माझ्याही आधी येऊन उभी होती. विरा पोतं खांद्यावर टाकून उतरला, उन्हानं काळवंडलेला, दाढी वाढलेली. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं.

"वाळलास," ती म्हणाली. "चल. आधी इओलूकाकांकडे जायचं, हात द्यायचा. मग घरी जेव."