घोड्याच्या कानावर घातलेलं

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, माझ्याशी बोलत ते घोड्यामार्फत. सासऱ्याने सुनेशी थेट बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. इतर घरांत असे निरोप भिंतीला नाहीतर रांगत्या नातवाला सांगत. आमच्याकडे नातू अजून यायचा होता, सासूबाई कधीच्या गेलेल्या, आणि भिंतीशी बोलणं मामाजींना कमीपणाचं वाटे. म्हणून अंगणात बांधलेल्या सरदाराकडे तोंड करून ते गरजत, "सरदार, सांग तिले, भाजीत मीठ नाई!" मीही दाराआडून म्हणे, "सरदार, सांग त्यायले, मीठ पानात वाढलं हाय. दिसत नसन तं डोये धुवा म्हना." सरदार दोघांचंही ऐकून घेई आणि कान हलवी.

हा घोडा कापसाच्या तेजीत आला. सातासमुद्रापलीकडे कुणाची तरी लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि तिवशाकडच्या आमच्या काळ्या रानातल्या कापसासाठी व्यापारी दारात येऊन बसू लागले. सारं वऱ्हाड खुळावलं होतं. कुणी बैलांची शिंगं चांदीने मढवली, तर मामाजींनी अमरावतीहून हा तांबडा घोडा आणला. त्यांना घोड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. जन्म बैलांत गेलेला, तेव्हा घोड्यालाही ते भिजवलेली सरकी चारत. पोळ्याला तर झूल घालून त्यांनी त्याला बैलांच्या रांगेत उभा केला. गाव हसून लोळलं. मामाजी म्हणाले, "शिंगं नाईत म्हनून काय त्यानं सन करू नाई?"

पुढल्या वर्षी सरदाराच्या जबड्याखाली फुगवटा दिसू लागला. बैलाच्या गळ्याखाली कातडी लोंबते, तिला पोळी म्हणतात. ती भरदार असली की जनावर जातिवंत. मामाजी अंगणभर नाचले. "सरदार, सांग तिले, तुले पोयी सुटून राहिली!" मीही शेतकऱ्याचीच लेक, मला ते तंतोतंत पटलं. आम्ही गावात गूळ वाटला.

मग सरदार सरकी सोडू लागला, बरगड्या वर आल्या. माझे यजमान गाड्या घेऊन अकोल्याला कापसाच्या मागे असत, म्हणून मामाजींनी स्वतःच अमरावतीहून रहीमचाचांना आणलं. चाचा घोड्यांचं दवापाणी करणारे सलोत्री. त्यांनी जबड्याखाली, खांद्यापुढे, जांघेत बोटं फिरवली. सगळीकडे टणक गाठी. मग मानेच्या शिरेतून काचेच्या शिशीत रक्त घेतलं आणि ओट्यावर ठेवलं. थोड्या वेळाने लाल खाली बसलं आणि वर पांढरट जाड थर धरला.

"साय धरली!" मामाजी हरखून म्हणाले. "म्हंजे रगत कसदार हाय ना, चाचा?"

"घोड्याच्या रगतावर जराशी साय येतेच, पाटील. पन इतकी नाई. खूनमेंच बिगाड हाय. गाठी अंदरबी असतीन. याले दवा नाई."

मामाजी शिशीकडे बघत राहिले. मला तर सरदाराइतकाच घरातल्या आवाजाचा घोर लागला. घरात आम्ही दोघंच. सरदार गेला तर आम्ही बोलणार कसे?

मामाजींनाही तेच भय असावं, कारण त्यानंतर त्यांच्या बोलण्याला ऊत आला. "सरदार, सांग तिले, गुयाचं पानी कर!" "सरदार, सांग तिले, आज दोन घोट पेलास तू!" मिठावरून, पाण्यावरून, उन्हावरून आम्ही दिवसभर भांडायचो, आणि मधे तो बिचारा गाठींनी जड झालेली मान आमच्याकडे वळवायचा. मला हसू यायचं आणि हसता हसता डोळे भरायचे. कुणाचं इतकं ऐकून घेण्याची त्याच्या अंगात ताकद उरली नव्हती.

एका सकाळी तो अंगणातल्या लिंबाखाली आडवा झाला. मामाजींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी पाणी घेऊन दारातच थांबले. "सरदार, सांग तिले..." ते म्हणाले आणि थांबले. कान हलला नाही. ते पुन्हा म्हणाले, "सरदार..." मग त्यांनी हळूच त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला.

ते त्याच्या आयाळीवरून हात फिरवत राहिले. शेवटी त्यांनी मान वर करून, लग्नानंतर पहिल्यांदाच, माझ्याकडे पाहिलं.

"पोरी," ते म्हणाले, "कालपासून काई खाल्लं का वं तू?"

मी पाणी उंबऱ्यावरच ठेवलं. पदर सावरायला विसरले आणि अंगणात उतरले.

"नाई, मामाजी. तुमी उठा. संगंच जेवू."