नकलीचा शिक्का

जुन्या तिकिटांबद्दल मी एकदा मत दिलं की ते काळ्या दगडावरची रेघ, असं आमच्या मंडळातले लोक म्हणायचे. मी आपला ‘कसचं कसचं’ करायचो, पण ते ऐकायला आवडायचं. सिंदेवाहीला भूगोल शिकवण्यात नोकरी संपली. निवृत्तीनंतर हातात भिंग आलं आणि डोक्यात हवा गेली.

मंडळ म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. मूल, आरमोरी, सिंदेवाहीकडचे आम्ही मोजके तिकीटवेडे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, पोहे खायचे आणि एकमेकांच्या तिकिटांची उणीदुणी काढायची. माझा विषय दरबदलाच्या छपाईची तिकिटं. इंग्रजांच्या काळात टपालाचा दर बदलला की जुन्याच तिकिटांवर नवा दर छापून ती विकत. घाईच्या छपाईत गमती होत. अक्षरं उलटी पडत, दोनदा पडत, एखादा शब्द गळून दुसराच दोनदा येई. संग्राहक जीव टाकतात ते या चुकांवर, आणि म्हणूनच अशा चुका घरी बसून छापणारेही पुष्कळ. अशाच एका उलट्या छपाईला मी एकदा सपशेल फसलो होतो. तेव्हापासून नवं तिकीट समोर आलं की पोलिसानं संशयिताकडे बघावं तसा मी त्याच्याकडे बघायचो.

त्या रागातूनच मी मंडळात एक रीत पाडली. नकली ठरलेल्या तिकिटाच्या पाठीवर लहानसा जांभळा शिक्का मारायचा, ‘नकली’. म्हणजे ते उद्या दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडायला नको. शिक्का मीच चंद्रपूरहून करून आणला. शाईचं पॅडही माझ्याच पिशवीत असे.

गेल्या पावसाळ्यात बैठक मूलला होती, एका भाऊंकडे. भाऊ ऐंशी ओलांडलेले, राइस मिलमध्ये फिटर होते. तिकिटं जमवण्याचा नाद त्यांच्या मुलाला. भाऊंकडे स्वतःचं असं एकच तिकीट. एक आण्याच्या लाल तिकिटावर नवा दर ‘नाईन पाईज’, म्हणजे नऊ पै, असा यायला हवा, तर त्यांच्या तिकिटावर ‘नाईन नाईन’ आलं होतं. भाऊंचे वडील जंगलपट्टीतल्या एका टपाल कचेरीत शिपाई होते.

“पोस्टमास्तर हासले,” भाऊ सांगत होते, “म्हणे पाह्य रे, सरकारबी चुकते. अन् माह्या बापाच्या डोळ्यादेखत तिकिटावर ठप्पा हानला अन् देऊन टाकलं.”

अशा तिकिटात पहिलं बघायचं ते हे, की आधी काय उमटलं. छपाई खरी असेल तर ती खाली असते आणि टपालाचा ठप्पा तिच्यावर. ठप्प्याच्या वर छपाई दिसली, तर वापरलेल्या तिकिटावर कुणीतरी मागाहून कारागिरी केली असं समजायचं. बाहेर पाऊस, घरात वीज नव्हती. मी मोबाइलच्या उजेडात भिंग धरलं. सगळे माझ्या खांद्यावरून वाकले होते. छपाईची शाई जाड, ठप्प्याची फिकट. मला छपाई वर दिसली.

“भाऊ, हे नकली आहे.”

“मंग बापाच्या डोळ्यादेखत ठप्पा मारला म्हणे, ते?”

“ते शक्यच नाही.”

“म्हणजे माहा बाप खोटं बोलला?”

तुमच्या वडिलांनाही कुणी फसवलं असेल, एवढं म्हणता आलं असतं. उजेड नीट नाही, नंतर बघू, हेही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, “शाई खोटं बोलत नाही, भाऊ.”

त्यांनी तिकीट माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, “रीत हाय तं मारा शिक्का.” मी मारला. त्याआधी नमुना म्हणून दाराशी उजेडात नेऊन तिकिटाचा फोटोही काढून ठेवला.

दिवाळीच्या सुमारास नकली तिकिटं कशी ओळखावी यावर मंडळात नव्याने येणाऱ्या मुलांपुढे बोलायचं होतं, म्हणून तो फोटो संगणकावर मोठा केला. दाराशी काढलेला फोटो स्वच्छ होता. ठप्प्याच्या गोलाची रेघ अक्षरांवर चढून सरळ पलीकडे गेली होती. वर ठप्पा, खाली छपाई. नागपूरच्या एका जाणकाराला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, अस्सल दिसतंय, कुणाचं आहे?

लगेच जायला हवं होतं. धानाची कापणी होऊ दे, थंडी जरा कमी होऊ दे, असं करत मी दिवस ढकलले. मला लाज वाटत होती. त्यात भाऊंपेक्षा मंडळात होणाऱ्या माझ्या शोभेची भीती जास्त होती, याची आणखी लाज वाटते.

शेवटी गेलो. सुनेनं पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, “पहिले बाबा आल्यागेल्याले त्यायच्या वडलाच्या तिकिटाची गोष्ट सांगत. आता नावबी काढत नाई.”

मी भाऊंना सगळं सांगितलं. माझी चूक झाली, तिकीट अस्सल आहे, तुमचे वडील खरंच बोलले होते. फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत दिला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“सर, तुमी भले माणूस. म्हाताऱ्याचं मन राखाले एवढ्या दूर आले.”

“मन राखायला नाही हो भाऊ! मुंबईच्या तज्ज्ञांकडे पाठवू, ते लिहून देतील.”

“नाई. आता कोणाले दाखवणं नाई.” ते हसले. “त्या दिवशी कसे एका झटक्यात बोलले होते तुमी. आज तुमचा आवाज कापून राह्यला.”

मग उठून त्यांनी कपाटातून ते तिकीट आणलं आणि माझ्या हातावर ठेवलं. “घेऊन जा. नवीन पोरं येतेत ना तुमच्याकडं, त्यायले दाखवा, नकली कसं असते ते.”

मी ते घेतलं. नको म्हणालो असतो, तर त्यांना तोही माझा भलेपणाच वाटला असता.